डोंगरवाला, येणे बाकी

तळोद्याच्या बाजारपट्टीत आमचं तेलाचं दुकान.
पुढचं दार गिऱ्हाइकांचं,
मागचं उत्तरेला. ते उघडलं की चौकटीत
नेमका मावतो अस्तंबा,
शिखर तेवढं गणेशपट्टीला टेकतं.

माझे वडील उखाजी, दिवेलागणीला
शेंगदाणा तेलाची एक पळी
मागच्या पायरीवरच्या वाटीत ओतायचे
आणि वहीत लिहायचे :
डोंगरवाला. एक पळी. येणे बाकी.

सकाळी वाटी कोरडी.
कधी काठावर मुंग्या, कधी मांजराचे केस.
मी म्हणायचे, आप्पा, हे बघा तुमचं गिऱ्हाईक.
ते म्हणायचे, चाटणारं कोणी का असेना,
ज्याच्या नावानं ओतलं त्याचीच उधारी.

कपाळीचा मणी गेला, जखम राहिली,
मरण नाही म्हणून मलमपट्टीही नाही,
एवढी गोष्ट गावाला पाठ.
पुढची ज्याची त्याची.
चांदसैली घाटातला जीपवाला सांगतो :
हेडलाइटमध्ये उभा होता, गुडघ्यापर्यंतच दिसला,
वरचं धुक्यात.
नंदुरबारला पथारीवर मिरच्या उलटणारी रखमाबाई म्हणते :
वरून वारा आला की समजायचं कण्हतोय,
त्या दिवशी मिरची वाळत नाही, नुसती जळजळते.
वाट चुकलेल्याला तो वाटेवर आणून सोडतो, म्हणतात.
मागे वळून बघितलं तर काय होतं,
हे सांगणारा कोणी भेटला नाही.

गिंबी वळवी माझ्या वर्गात होती,
वसतिगृहात राहायची, गाव डोंगरापलीकडे.
मी तिला मागच्या दारातून दाखवलं :
ती बघ, शिखराखाली लाल चीर, तीच जखम.
ती बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, हा आमचा डोंगर नाही वाटत.
तुमच्याकडे त्याचं कपाळ आहे,
आमच्याकडे पाठ.
त्या चिरेतून आमच्या बाजूला पाणी येतं.
आम्ही त्याला तेल नाही देत,
मक्याचं पहिलं कणीस देतो,
आणि तो कोणाचा मुलगा, हे विचारत नाही.

आप्पा गेले त्या वर्षी, धनतेरसेला,
मी वर गेले.
पिशवीत बाटली, पाव किलोची, बूच घट्ट,
आणि खूप मागची ती वही,
का घेतली कोण जाणे. वसुलीला जातात तशी.

रात्रभर चढ. पुढे मागे बॅटऱ्या,
पोरांचे जयघोष, एकाच्या मोबाइलवर कसलंसं गाणं.
माथ्याजवळचे दगड काळे, गुळगुळीत :
किती पिढ्यांनी ओतलं असेल.
सगळा डोंगर माखलेला,
आणि त्याच तेलावरून माझा पाय सरकला.

कपाळ दगडावर.
डोळ्यात काहीतरी कोमट उतरलं.
कोणीतरी रुमाल फाडला, गाठ मारली,
आणि अंधारात ओरडलं,
"तेल शे का कोनाजोडे?"

मी काही बोलले नाही.
हात पिशवीत गेला.
बूच निघेना, तेव्हा त्यानंच दातांनी काढलं.
बोटं खरखरीत होती. तोंड दिसलं नाही,
बॅटरी त्याच्या हातात, उजेड माझ्या तोंडावर.
उरलेलं तेल सांडलं की ओतलं,
नक्की सांगता येणार नाही.

चार टाके पडले.
पोरं आता दुकानात आली की आधी कपाळाकडे बघतात,
मग माझ्याकडे, मग चवली खाली पडल्यासारखं
जमिनीकडे.

दुसऱ्या दिवशी वही उघडली.
जमेला एक पळी लिहिली.
नावाच्या रकान्यात पेन अडलं :
त्याचं लिहू, की माझं, की त्या दात लावणाऱ्याचं,
की गिंबीचं, जिनं आधीच सांगितलं होतं
की चीर दोन बाजूंनी असते.

तेवढ्यात पुढच्या दारी गिऱ्हाईक.
करडई, अर्धा किलो, बाटली घरची.
नरसाळं लावलं, मोजून दिलं,
वर नेहमीची धार सोडली.

मागचं दार उघडंच होतं.